मीही बाबांसारखाच होणार का?

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज रात्री ग्रंथवाचन असते. वाचन आणि वंदना आटोपली की चार-दोन माणसे मागे थांबतात. कुणाला रेशनकार्डावर नाव चढवायचे असते, कुणाला मुलाच्या जात पडताळणीचा अर्ज दाखवून घ्यायचा असतो. मागच्या आठवड्यात अशीच एक भगिनी थांबली. सोबत थोरला मुलगा होता, यंदा बारावीला असलेला. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी दारूने यकृत निकामी होऊन गेला. वय अवघे बेचाळीस.

"भाऊ, याला जरा समजवा," ती म्हणाली. आम्हाला वाटले, पोरगा प्यायला लागला असावा. पण तसे काही नव्हते. नात्यातल्या एका लग्नात हळदीच्या रात्री तो मित्रांबरोबर गाण्यात रमला आणि घरी यायला उशीर झाला. तेवढ्यावरून चुलत्याने भरल्या मांडवात सुनावले, "बापाचंच रक्त आहे. आज ना उद्या तिथंच जाणार." तेव्हापासून पोरगा घरात कुणाशी धड बोलत नाही. आम्ही त्याला पिंपळाच्या पारावर घेऊन बसलो. बराच वेळ तो गप्प होता. मग इतकेच म्हणाला, "काका, मीही बाबांसारखाच होणार का?"

वाचकहो, खरे सांगतो, आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. 'नाही रे बाळा' असे म्हणून पाठीवर हात फिरवणे सोपे होते. पण ज्याने बापाला रक्ताच्या उलट्या करताना पाहिले, त्या पोराला खोटा दिलासा कळतो. आम्ही त्याच्याकडून एका रविवारची मुदत मागून घेतली. मिळेल ते वाचले, एका परिचित डॉक्टरांना चार प्रश्न विचारले. त्यातून जे हाती लागले ते त्या पोरापुढे ठेवले. आज तेच तुमच्यापुढे ठेवीत आहोत, कारण हा प्रश्न घराघरांत आहे आणि बहुतेक घरांत तो कुणी तोंडाने विचारीत नाही.

एका पंगतीतली माणसे

आपल्याकडे दारुड्याविषयी दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, 'रक्तातच आहे.' दुसरे म्हणते, 'मनावर घेतले तर उद्या सुटेल, पण घेत नाही, शीलच नाही.' पहिल्या मताने माणूस जन्मतःच बुडालेला ठरतो, दुसऱ्याने तो नालायक ठरतो. दोन्ही मतांनी एकही माणूस आजवर बाहेर निघालेला आम्ही पाहिला नाही.

आकडे काय सांगतात ते पाहू. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू घेतात. ही माणसे सुमारे १६ कोटी भरतात. त्यांपैकी ज्यांचे पिणे घातक ठरले आहे किंवा ज्यांना दारूवाचून राहवत नाही, अशी माणसे सुमारे ५ कोटी ७० लाख आहेत. म्हणजे पिणाऱ्या दर तिघांपैकी साधारण एकाचा संसार उधळतो.

उरलेले दोघे सुखरूप आहेत असा याचा अर्थ कुणी काढू नये. दारूचे अमुक प्रमाण आरोग्याला सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. पण प्रश्न उरतोच. एकाच गुत्त्यावर, एकाच बाटलीतून तिघे प्याले, तर त्यातला एकच का अडकला? एकाच आईच्या पोटचे दोन भाऊ, एक कारखान्यात फोरमन झाला आणि एक गटाराच्या कडेला पडला, असे का? संशोधक गेली पन्नास-साठ वर्षे नेमका हाच प्रश्न सोडवत आहेत.

बापाचे रक्त

चुलत्याच्या बोलण्यात काही तथ्य आहे काय, हे पाहायचे तर बापाचे रक्त आणि बापाचे घर वेगळे करावे लागेल. कारण दारुड्याचे पोर बापाकडून रक्त घेते तसे घरातली भांडणे, भूक आणि भीतीही घेते. यातले नेमके काय बाधते ते कसे कळणार?

डॉ. डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी डेन्मार्क देशातल्या दत्तक मुलांच्या नोंदी धुंडाळल्या. जन्मदात्यांपैकी एक दारूग्रस्त होता, पण जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत ज्यांना परक्या घरी दत्तक दिले, असे ५५ पुरुष त्यांनी शोधले. तुलनेसाठी, ज्यांच्या जन्मदात्यांत असा दोष नव्हता असे ७८ दत्तक पुरुष घेतले. १९७३ साली निष्कर्ष छापून आला. पहिल्या गटात १८ टक्के माणसे दारूग्रस्त झाली होती, दुसऱ्या गटात ५ टक्के. बापाचे तोंडही न पाहिलेल्या मुलांत धोका साडेतीन-चार पट निघाला. तेव्हा वारसा असतो, ही गोष्ट मान्य केली पाहिजे.

पण हाच आकडा उलटा करून वाचा. १८ टक्के दारूग्रस्त झाले, म्हणजे ८२ टक्के झाले नाहीत! आम्ही त्या पोराला हा आकडा कागदावर लिहून दाखवला. शंभरातले ब्याऐंशी. दारुड्याच्या पोटी जन्मलेली बहुसंख्य मुले त्या वाटेला गेली नाहीत.

पुढे जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. काही जुळी हुबेहूब सारखी असतात, काही साध्या भावंडांइतकीच सारखी असतात. दोन्हींची तुलना केली म्हणजे वारशाचा वाटा किती ते अदमासता येते. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अशा अनेक अभ्यासांची एकत्रित बेरीज २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वारशाचा वाटा साधारण निम्मा निघाला. हे 'निम्मा' नीट समजून घ्यावे. बापाची निम्मी दारू मुलाच्या अंगात उतरते असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्या फरकाचा निम्मा भाग वारशाशी जोडता येतो आणि उरलेला निम्मा घर, संगत, परिस्थिती आणि माणसाच्या स्वतःच्या अनुभवांशी. दारूचे असे एकच जनुकही सापडलेले नाही. अनेक जनुके आहेत आणि एकेकाचा परिणाम थोडा-थोडा आहे.

येथे आमच्या काही धम्मबांधवांच्या मनात शंका येईल. जन्मावरून माणूस ठरतो हेच तर आपल्याला हजारो वर्षे सांगितले गेले. मग वारशाची ही भाषा पुन्हा त्याच खड्ड्यात नेणार नाही काय? शंका रास्त आहे. 'ही माणसे पिणारीच' असा शिक्का आपल्या वस्त्यांवर मारला जातो, तो आपण रोज सोसतो. क्लबात बसून पिणारा साहेब प्रतिष्ठित ठरतो आणि नाक्यावर पिणारा बेवडा ठरतो. परंतु जातीचा सिद्धांत आणि हे संशोधन यांत मोठे अंतर आहे. जात सांगते की अख्खा समूह जन्माने एका साच्याचा असतो. संशोधन सांगते की एकाच घरातले दोन सख्खे भाऊसुद्धा एका साच्याचे नसतात. तथागतांनी वासेट्ठ सुत्तात हेच समजावले आहे. वनस्पतींत आणि प्राण्यांत जन्माने जाती निराळ्या असतात, माणसात तसा भेद नाही. माणूस त्याच्या कर्माने ओळखावा. शिवाय निम्मा वारसा म्हटले की उरलेला निम्मा आपल्या हातात येतो. जातीने आपल्याला असा निम्मा वाटा कधी देऊ केला होता काय?

'त्याला पचते' ही शाबासकी

आता एक गोष्ट अशी, की जी वाचून आम्ही स्वतः चमकलो.

आपल्याकडे पोरांच्या टोळक्यात एक जण असा असतो की कितीही प्याला तरी झोकांड्या खात नाही. बाकीचे ओकतात, हा सरळ चालत घरी जातो. सगळे त्याचे कौतुक करतात, "त्याला पचते रे!" जो दोन घोटांत आडवा होतो त्याची थट्टा होते. घरची माणसेही पहिल्याविषयी निर्धास्त असतात.

अमेरिकेत सॅन दिएगो येथे डॉ. मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली. मग प्रत्येकाला किती चढली ते विचारले आणि उभे राहिल्यावर शरीर किती डोलते तेही मोजले. यातल्या काही तरुणांचे वडील दारूग्रस्त होते, काहींचे नव्हते. दारूग्रस्तांच्या मुलांपैकी ४० टक्के मुलांना दारू कमी चढली. दुसऱ्या गटात असे दहा टक्केही नव्हते. सुमारे दहा वर्षांनी याच तरुणांना पुन्हा गाठले. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दारूग्रस्तांच्या ज्या मुलांना विशीत दारू कमी चढली होती, त्यांच्यापैकी ५६ टक्के पुढे दारूग्रस्त झाले. ज्यांना लवकर चढत होती, त्यांच्यापैकी फक्त १४ टक्के झाले.

कारण साधे आहे. ज्याला लवकर चढते त्याचे शरीर 'पुरे' म्हणून ओरडते आणि तो थांबतो. ज्याला चढत नाही त्याला ही घंटा ऐकूच येत नाही. तो मित्रांच्या बरोबरीला येण्यासाठी दुप्पट पितो, मग पिणाऱ्यांचीच संगत धरतो आणि हळूहळू शरीराला सवय लागते. ज्याला आपण बलवान समजून निर्धास्त राहिलो, तोच अधिक धोक्यात होता. तेव्हा माता-भगिनींनो, 'आमच्याला पचते' असे कुणी कौतुकाने सांगितले तर हसू नका. ती धोक्याची घंटा आहे असे समजा.

ढाल असून फुटली

याच्या उलट, काहींच्या शरीरात जन्मतः ढाल असते. पोटात गेलेल्या दारूचे शरीर आधी अॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करते आणि मग ते द्रव्य मोडून टाकते. जपान, चीन, कोरिया या देशांत साधारण तिघांपैकी एकाच्या शरीरात हे द्रव्य नीट मोडले जात नाही. एक पेला घेतला की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळते. साहजिकच असा माणूस दारूच्या नादी सहसा लागत नाही.

पण जपानमध्ये काय झाले पाहा. तिथल्या दारूग्रस्त रुग्णांमध्ये या ढालवाल्या माणसांचे प्रमाण तपासले गेले. १९७९ साली ते २.५ टक्के होते. १९८६ साली ८ टक्के झाले आणि १९९२ साली १३ टक्के. तेरा वर्षांत पाच पट! एवढ्या काळात कुणाचे रक्त बदलत नाही. बदलला तो समाज. साहेबाबरोबर ऑफिस सुटल्यावर प्यायला बसणे हा तिथे नोकरीचाच भाग झाला होता आणि नाही म्हणणे अवघड होते. शरीर नको म्हणत असताना माणसे पीत राहिली. अशा माणसांनी पिणे चालू ठेवले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोकाही फार वाढतो.

आम्ही हा आकडा वाचला तेव्हा आम्हाला आमच्या मिरवणुका आठवल्या. १४ एप्रिलला डीजेपुढे नाचणाऱ्या पोराला 'एक घोट घे, काय बामण आहेस का' असे म्हणणारा मित्र आठवला. ज्याची ढाल जन्मतः मजबूत आहे तोही अशा आग्रहापुढे टिकत नाही, तर ज्याला ढालच नाही त्याचे काय होणार? बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा देणाऱ्या बाबासाहेबांच्या जयंतीला आपण आपल्याच दुबळ्या भावाला ढकलून देतो, याचा विचार मंडळांच्या कार्यकर्त्यांनी करावा.

स्वभाव, घर आणि वय

वारशाबरोबर स्वभावाचाही वाटा असतो. कॅनडातील संशोधक पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी तरुण मुलांतले चार स्वभाव वेगळे केले. एकाला आयुष्यात काही बरे होणार नाही असे सतत वाटते. दुसऱ्याला छाती जरा धडधडली तरी धास्ती बसते. तिसरा विचार करण्याआधीच कृती करतो. चौथ्याला थरार हवा असतो. चौघेही दारूकडे जाऊ शकतात, पण चौघांची कारणे निराळी असतात. पहिला दुःख विसरायला, दुसरा जीव शांत करायला, तिसरा समोर आली म्हणून आणि चौथा मजा म्हणून. लंडनच्या शाळांत ज्या मुलांचे हे स्वभाव ठळक होते त्यांना त्या-त्या स्वभावाला धरून दोनच बैठकांत मार्गदर्शन केले, तर पुढे त्यांच्यातले पिण्याचे प्रमाण कमी राहिले. चौघांनाही एकच भाषण देऊन चालत नाही, असा याचा अर्थ.

घराचा वाटाही मोजला गेला आहे. अमेरिकेत १९९८ साली साडेनऊ हजार प्रौढांची पाहणी झाली. बालपणी मारहाण, अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरात व्यसनी माणूस, अशांपैकी चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी सोसले होते त्यांच्यात दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण चार ते बारा पट निघाले. दारुड्याच्या घरातले पोर दुहेरी माराखाली असते, एक वारशाचा आणि एक घराचा. त्यात मांडवातल्या टोमण्याचा तिसरा मार आपण कशाला घालावा?

आणि वय. अमेरिकेतच १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांनी १५ वर्षांच्या आत पिणे सुरू केले त्यांच्यापैकी ४० टक्के पुढे कधी ना कधी दारूच्या आहारी गेले. ज्यांनी २० वर्षांनंतर सुरू केले त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. उतावळ्या स्वभावाची मुले मुळात लवकर सुरुवात करतात, हेही यामागचे एक कारण आहे. तरीही प्रत्येक लांबलेले वर्ष मोलाचे आहे. लहान पोराला गुत्त्यावर बाटली आणायला पाठवणाऱ्या बापाला हे कुणीतरी सांगितले पाहिजे.

एक नाव, अनेक वाटा

मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ साली या आजाराची नवी व्याख्या केली. तिच्यात ११ लक्षणे आहेत. ठरवल्यापेक्षा जास्त पिणे, सोडायचा प्रयत्न फसणे, प्रबळ ओढ लागणे, कामाची हेळसांड, न मिळाल्यास हातपाय कापणे, अशी ही यादी. वर्षभरात कोणतीही दोन लक्षणे असली तर आजार आहे असे धरतात. दोन-तीन असल्यास सौम्य, चार-पाच असल्यास मध्यम, सहा किंवा अधिक असल्यास तीव्र.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. म्हणून सहज हिशेब मांडला. अकरा लक्षणांतून दोन किंवा अधिक निवडण्याचे प्रकार किती होतात? उत्तर आले २०३६. म्हणजे 'दारूग्रस्त' या एका शब्दाखाली दोन हजारांहून अधिक तऱ्हांची माणसे मावतात. शेजारी बसलेल्या दोघांत एकही लक्षण समान नसेल, तरी दोघेही आजारी असू शकतात. 'अमक्याने एका दिवसात सोडली, मग तुला का जमत नाही' हे आपण किती सहज म्हणतो! तो अमका आणि हा तमका एक नव्हेत.

मग प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीचा नेमका उपचार शोधून द्यावा काय? अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. १,७२६ रुग्णांना समुपदेशनाच्या तीन निराळ्या पद्धतींपैकी एकेक दिली आणि कोणत्या स्वभावाला कोणती लागू पडते ते पाहिले. १९९७ साली निकाल आला. जुळणी फारशी जुळली नाही. तिन्ही पद्धतींत रुग्ण जवळपास सारखेच सुधारले. आम्हाला हा निकाल निराशेचा वाटत नाही. दार कोणते यावर घासाघीस करत बसू नका, जे जवळ आहे त्यातून आत शिरा, असा त्याचा व्यवहारी अर्थ आम्ही घेतो.

आपल्या शेजारच्या गोव्यातले उदाहरण घ्या. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ज्यांचे पिणे घातक झाले होते पण अजून पूर्ण आहारी गेले नव्हते, अशा ३७७ पुरुषांवर 'संगत' या संस्थेने काम केले. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. गावातलीच, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती आणि बैठका जास्तीत जास्त चार. २०१७ साली निष्कर्ष आला. तीन महिन्यांनी अशा बैठका झालेल्यांपैकी ३६ टक्के सावरले, इतरांत २६ टक्के. फार मोठा फरक नाही असे कुणी म्हणेल. शंभर घरांत दहा घरे जास्त वाचली, असे आम्ही म्हणू. आपल्या विहारांतले शिकलेले तरुण-तरुणी हे काम शिकू शकणार नाहीत काय?

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले 'मुक्तांगण' आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका गावोगावी होतात आणि तिथे फी नसते. सरकारची व्यसनमुक्ती मदतवाणी १४४४६ या क्रमांकावर आहे. असे असूनही वर सांगितलेल्या २०१९ च्या अहवालात, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याची नोंद आहे. उरलेल्या सदतीस जणांना आपण शिव्या देतो, शपथा घालतो किंवा बुवाकडे नेतो.

दोन गोष्टी मात्र भगिनींनी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जेवणात चोरून गोळी कालवू नका. दारू सोडवण्याची डायसल्फिराम ही गोळी वर सांगितलेल्या जपानी ढालीसारखेच काम करते, दारू प्याली की ते विषारी द्रव्य शरीरात साठवते. डॉक्टरच्या देखरेखीत, रुग्णाला सांगून दिली तर ती उपयोगी आहे. त्याच्या नकळत दिली आणि तो वर प्याला, तर जिवावर बेतू शकते. दुसरी, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन माणूस दगावू शकतो. त्याला दवाखान्यात नेऊन औषधांखालीच थांबवावे.

शिक्षापद

रविवारी तो पोरगा आला. सोबत आईही होती. आम्ही त्याला सगळे सांगितले आणि शेवटी त्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले. "बाळ, तुझा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, हे खरे. तू बाबांसारखा होणारच, हे खोटे. ज्याच्या घरात मधुमेह आहे तो साखर जपून खातो, त्यात त्याला कुणी कमी लेखत नाही. तू मात्र जपून प्यायचे असेही नाही. पहिला पेलाच घ्यायचा नाही. आणि कधी घेतलास आणि तुला चढली नाही, तर खूश होऊ नकोस, त्याच दिवशी आमच्याकडे ये."

त्याने विचारले, "आणि आलो तर तुम्ही रागावणार नाही?"

या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. पंचशील आपण रोज घेतो. पाचवे शील प्रमादाचे, बेसावधपणाचे मूळ असलेल्या मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. प्रत्येक शीलाच्या शेवटी 'सिक्खापद' हा शब्द येतो. शिक्षापद म्हणजे शिकण्याची पायरी. धम्मात वरून आलेली आज्ञा नाही आणि ती मोडली म्हणून नरकाचे भय नाही. आपण रोज सकाळ-संध्याकाळ तेच शील पुन्हा घेतो, कारण माणूस चुकतो आणि पुन्हा शिकू शकतो हे तथागतांना ठाऊक होते. मग एकदा घसरलेल्याला आपण विहाराच्या पायरीवरून परत का पाठवतो? वाफ आली म्हणून त्याला वंदनेतून उठवणारे आम्हीच होतो. गेल्या वर्षी अशाच एकाला आम्ही हाताला धरून बाहेर नेले होते. तो पुन्हा आला नाही. ती चूक आम्ही येथे कबूल करतो.

"रागावणार नाही," आम्ही पोराला म्हणालो. "तू फक्त ये."

चुलत्यालाही आम्ही भेटलो. भांडण केले नाही. कागदावर ८२ हा आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "थोरल्याला आम्ही कधी दवाखान्यात नेलंच नाही." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

वाचकहो, तुमच्या घरात, चाळीत, वस्तीत असा एखादा पोर असेल. त्याने विचारण्याची वाट पाहू नका. त्याला जवळ बसवा आणि धोका खरा आहे हे सांगा, पण शंभरातल्या ब्याऐंशींची गोष्टही सांगा. आणि ज्याचा बाप अजून हयात आहे, त्या बापाला या आठवड्यात दवाखान्यात न्या.

जयभीम. नमो बुद्धाय.